सँडलचे पट्टे

६ ऑक्टोबर, मंगळवार

गेले एकदाची. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आतून एक बाई बाहेर येत होत्या, त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. कुणी दार धरल्यावर आत न जाणं बरं दिसत नाही, म्हणून गेले.

सालसाचा वर्ग कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. लांबट हॉल, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, समोरच्या भिंतीला खुर्च्यांची रांग. शिकवणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. पन्नाशीच्या असतील. पाणी प्यायला गेल्या तरी नाचल्यासारख्या चालतात. माझ्या पायांचं काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, पण थोड्या वेळाने मी हसत होते. आरशात ते दिसलं तेव्हा दचकले.

मी कधी वर्गात बसलेलीच नाही. आईने घरीच शिकवलं, बाबांच्या कामाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. या टोकाला माझे भागाकार, त्या टोकाला बाबांच्या कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, आम्ही त्यावरून दात घडवून पाठवतो. पुढे परीक्षा बाहेरून दिल्या आणि त्याच टेबलाशी फक्त खुर्ची बदलली. आता बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, महिनाअखेरीला ऑपरेशन. मेणातलं बारीक कोरीव काम सगळं माझ्याकडे आलंय. आई म्हणाली, "दिवसभर टेबलावरचे दात बघतेस. कधी हसणाऱ्या माणसाच्या तोंडातले बघ." म्हणून हा वर्ग.

पान संपताना त्या दिवशीची चूक लिहायची, ही आईचीच रीत. चूक स्वतःची. लहानपणी दुसऱ्या कुणाची लिहिली तर आई लाल पेन्सिलीने खोडायची आणि समासात लिहायची, 'तुझी कुठे आहे?' आता कोणी तपासत नाही. पण लिहिल्याशिवाय झोप येत नाही.

आजची चूक: दोनदा परत फिरले.

१० ऑक्टोबर, शनिवार

शनिवारी संध्याकाळी शिकवणी नसते, मोकळा नाच असतो. कुणीही कुणालाही विचारायचं. बाईंचा नियम एकच, विचारलं की नाही म्हणायचं नाही. "नाही म्हटलं की नव्या माणसाचा धीर जातो, मग ते परत येत नाही." मला अगदी पटलं. माझा तर गेलाच असता.

पहिलं गाणं लिफ्टवाल्याबरोबर. तो लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून सगळे त्याला तसंच म्हणतात. त्याने माझ्या पायावर पाय दिला आणि जमिनीची माफी मागितल्यासारखा खाली बघून 'सॉरी' म्हणाला. मग दुसऱ्या पायावर दिला. नाच कच्चा आहे त्याचा. हात मात्र असा धरतो की धरलाय की नाही ते बघावं लागतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "आमच्या कामात अडकलेली वस्तू ओढायची नसते. ओढली की तुटते. ती सवय लागलीये."

मग कप्तान. खरं नाव कोणी घेत नाही. साठीचे, पण काठीसारखे ताठ, बूट आरशासारखे. बाई पूर्वी त्यांच्याबरोबर नाचायच्या. जिन्यात दोघांचा जुना फोटो आहे, बाई पार कोवळ्या, उजवा हात सरळ छताकडे गेलेला, आणि कप्तानांनी तो वरून धरलेला. आताही नव्या मुलींना घडवायचं काम कप्तान करतात, असं कळलं. दर शनिवारी येतात.

एक गंमत झाली. ते खुर्चीवरून उठले तशा आमच्या रांगेतल्या चौघी-पाचजणी एकदम खाली वाकल्या आणि सँडलचे पट्टे आवळायला लागल्या. नाचाच्या सँडल इतक्या महाग असतात आणि पट्टे असे कसे ढिले होतात? मी एकटीच सरळ बसले होते, त्यामुळे त्यांचा हात माझ्यापुढे आला.

त्यांनी मला खूप फिरवलं. हात डोक्यावर नेऊन, अंगठ्याने माझा पंजा वरून दाबून धरून, एका वळणात दुसरं. "घाबरतेस काय, सोड स्वतःला," म्हणत होते. मी सोडत होते, पण त्यांनी धरल्यामुळे सुटत नव्हतं. मनगटात काहीतरी कट् झालं. गाणं संपल्यावर म्हणाले, "मनगट आडमुठं आहे तुझं. येईल वळणावर."

परत येऊन बसले तर शेजारच्या नर्सताई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्या मोठ्या रुग्णालयात आहेत. हळूच म्हणाल्या, "तुझा पट्टा नीट आहे ना गं?" मी पाय पुढे करून दाखवला. चांगला घट्ट होता. 

आजची चूक: मनगट आडमुठं.

११ ऑक्टोबर, रविवार

मनगट जरा धरलंय. पाण्याचं भांडं डाव्या हाताने उचलताना आत्याने पाहिलं. आत्या आमच्याकडेच राहते, तयार कवळ्या डब्यात भरून डॉक्टरांकडे पोचवते आणि जाता-येता सगळ्यांना टोले देते.

"नाचायला जातेस का विहीर उपसायला?"

"नवीन आहे, आत्या. सवय नाही."

"तुझ्या आईला नवीन असताना स्वयंपाकाची सवय नव्हती. तिचा हात भाजायचा, दुसऱ्याने पिरगाळलेला नसायचा."

पिरगाळला कोणी? काहीही बोलते आत्या.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आज बाईंनी वळण शिकवलं. आमच्या हॉलची खास ढब आहे, वळताना हात कंबरेपासून छातीपर्यंतच, त्याच्या वर नाही. इतर ठिकाणी डोक्यावरून नेतात. बाई म्हणाल्या, "हात वर नेला की छत्री उघडल्यासारखं दिसतं." सगळे हसले. बाईंचं वळण इतकं सुरेख दिसतं, उजवा हात अंगाशी, जणू काही जपून नेतायत. घरी आरशासमोर गिरवलं. म्हणजे जिन्यातला फोटो काढला तेव्हा ढब वेगळी असणार. माणूस शिकत शिकत साधं होतं, हे मात्र खरं.

कप्तान तेवढे हात वर नेतात. त्यांना कोण सांगणार, ते जुने आहेत.

पट्ट्यांचा विचार डोक्यातून जात नाही. बाबांच्या खणात चामड्याला भोकं पाडायचा चिमटा आहे. बाबा बारीक होत गेले तसा कमरेच्या पट्ट्यासाठी घ्यावा लागला होता. शनिवारी घेऊन जाईन. नवीन आहे, काहीतरी उपयोगी पडावं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराबद्दल क्षमस्व. कोणाकडे क्षमा मागतेय ते माहीत नाही.

चिमट्याची हकीकत आधी. नाच सुरू व्हायच्या आत मी खुर्च्यांच्या रांगेत गेले आणि म्हटलं, तुमचे पट्टे वारंवार ढिले होतात ते मी पाहिलंय, आणखी एकेक भोक पाडून देते, मग सारखं वाकावं लागणार नाही. आधी एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि मग सगळ्या अशा हसायला लागल्या की एक तर डोळे पुसत होती. नर्सताई हसत नव्हत्या. "पाड गं बाई," म्हणाल्या आणि पाय पुढे केला. मी सगळ्यांना पाडून दिली. नीट झाली भोकं, कडा गुळगुळीत.

आणि तरी कप्तान उठले तशा सगळ्या वाकल्या.

मला वाटलं, भोकं चुकीच्या अंतरावर पडली. मी तोच विचार करत बसले होते, तेवढ्यात हात पुढे आला. नाही म्हणायचं नाही. मनगट दुखतंय असं सांगावं असं मनात आलं, पण ती तक्रार झाली असती, आणि तेही माझ्याच आडमुठेपणाबद्दल. उठले.

तिसऱ्या-चौथ्या वळणाला मी मागे पडले, ते पुढे गेले आणि हात वरच राहिला. आवाज मला ऐकू आला. त्यांना नाही आला, गाणं मोठं होतं. त्यांनी आणखी एक वळण घेतलं.

"अरेच्चा," म्हणाले नंतर, "चेहरा का असा? हसत नाचावं."

कपडे बदलायच्या खोलीत नर्सताईंनी मला स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या नाचाच्या बुटांच्या पिशवीतून ताणाची पट्टी काढली. पिशवीत आणखी दोन गुंडाळ्या होत्या आणि थंड करायचा फवारा. किती तयारीचं माणूस. मी तसं म्हटलं. त्या पट्टी गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू शाळेत कुठे होतीस गं?"

"घरी."

"हं," म्हणाल्या. "तरीच."

लिफ्टवाला दारात उभा होता. "हात ठीक आहे?" मी त्याला सांगितलं की मी पुढच्या वेळी वळण नीट घेईन. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, काय ते कळलं नाही. नाराज असावा.

आजची चूक: वळणात मागे पडले. भोकांचं अंतर.

१८ ऑक्टोबर, रविवार

मेणाची सुरी धरवत नाही. अंगठा आणि तर्जनीची चिमूट केली की कळ कोपरापर्यंत जाते. एका बाईंची वरची पूर्ण पंगत कोरायची आहे. मोडलेली जुनी कवळी त्यांनी डॉक्टरांकडे दिली आहे आणि तोवर त्या पातळ पेजेवर आहेत. गुरुवार, एकोणतीस तारखेला बाबांचं ऑपरेशन. त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी वाकायचं नाही, बारीक बघायचं नाही. म्हणजे या घरात चालणारा हात एकच, आणि तो मी नाचायला नेला.

बाबांनी सकाळी मी काल दुपारी केलेला सुळा बोटाने चाचपला. दिसत नाही तेव्हा ते बोटाने बघतात. "हा जरा थरथरलाय."

"हात दुखतोय थोडा."

"बरं," म्हणाले. विचारलं नाही. मला वाटतं, ते विचारतील याची मी वाट बघत होते.

२० ऑक्टोबर, मंगळवार

वर्गाला गेले, नाचले नाही. बाईंना एकटीला गाठून म्हटलं, माझं मनगट दुखावलंय, वळणात माझं काय चुकतं ते सांगाल का. मी पट्टी सोडायच्या आत त्यांनी हात हातात घेतला आणि बोट ठेवलं. बरोबर तिथेच. करंगळीच्या बाजूला, हाडाच्या जरा खाली. मी ओरडलेच. मग खांद्याच्या मागे एका जागी दाबलं, तिथे दुखत होतं हे मलाही माहीत नव्हतं.

"दुखणं पुढे-पुढे इथे येईल," म्हणाल्या. "रात्री त्या कुशीवर झोपू नकोस."

अनुभवी माणसाला न सांगता कळतं. मी विचारलं, "पण चूक काय?"

बाई बराच वेळ गाण्यांच्या यंत्राशी काहीतरी करत होत्या. मग म्हणाल्या, "हात ढिला ठेव. विरोध केला की जास्त लागतं." आणि थोड्या वेळाने, "त्यांचा हेतू वाईट नसतो."

मी हेतूबद्दल विचारलंच नव्हतं.

खाली उतरताना नर्सताईंनी जिन्यात थांबवलं. "आता मी सरळ सांगते, कारण तुला तसंच सांगावं लागतं. पट्टे ढिले नसतात. कप्तान उठले की आम्ही वाकतो. वाकलेल्या बाईला विचारता येत नाही. म्हणजे नाही म्हणावं लागत नाही. कळलं?"

"सगळ्यांना माहीत आहे?"

"वर्गात बसलेल्या प्रत्येकीला."

घरी येईपर्यंत माझे कान गरम होते. मी त्यांच्या पट्ट्यांना भोकं पाडत फिरले. हसल्या त्या यासाठी.

आजची चूक: सगळं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. पण घरी बसलं की हाताकडेच बघत बसते. पट्टी बांधून गेले. लिफ्टवाल्याने डाव्या हाताने नाचायचं सुचवलं. त्याला ते येत नाही, मलाही नाही, आम्ही दोन मिनिटं एकमेकांना वाट देत उभे होतो. "तुम्ही आधी." "नाही नाही, तुम्ही." बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

आज एक नवी आली आहे. एकोणीस-वीसची, कापडी बूट, ना नाडी ना पट्टा, नुसते सरकवायचे. तिला खुर्ची माझ्याशेजारची मिळाली. घामेजलेले हात सारखी स्कर्टला पुसत होती. मी तिला सांगितलं, पहिल्या दिवशी मी दारातून दोनदा परत गेले होते. ती म्हणाली, "मी तीनदा."

मग कप्तान उठले. आणि मी वाकले.

खरं लिहायचं तर फार छान वाटलं. एका रांगेत सगळ्या वाकलेल्या, त्यात मी. शेजारचीने मान तिरकी करून माझ्याकडे बघून डोळा मारला. जन्मात पहिल्यांदा मी कुठल्यातरी वर्गात बसले होते. पट्ट्याशी चाळा करत मी चकचकीत बूट माझ्यापुढून जाताना पाहिले. ते पुढच्या खुर्चीपाशी थांबले.

"चल. घाबरतेस काय?"

गाणं संपल्यावर नवी परत आली ती उजवा पंजा डाव्या हातात धरून. चेहऱ्यावर हसू तसंच चिकटलेलं. मी विचारलं, लागलं का. ती म्हणाली, "नाही, म्हणजे, माझंच चुकलं बहुतेक. माझं मनगट जरा आडमुठं आहे."

आज चूक लिहीत नाही. लिहिण्याएवढी जागा नाही.

२६ ऑक्टोबर, सोमवार

काल दिवसभर तेच. मी वाकले नसते तर हात माझ्यापुढे आला असता. माझा हात गेला तर पेजेवरच्या बाईंचे दात जातात, बाबांचं काम जातं. वाकले तर नवीचा जातो. म्हणजे दोन्हीकडून कुणाचातरी जातोच. आणि मला एवढंच कळतं की दोन्हीकडून चूक माझी.

आज एक कवळी परत आली. मागच्या महिन्यात मी केलेली, खालची, हिरडीला टोचते म्हणून. आमच्या घरी परत आलेली कवळी म्हणजे मौनव्रत. मी ती सकाळपासून तपासतेय, दातांची उंची, कड, पॉलिश. काही सापडेना. सापडत नाही म्हणजे मी नीट बघत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

बाबा त्यांच्या टोकाला हात बांधून बसले होते. म्हणाले, "ठसा बघितलास?"

"ठसा डॉक्टरांचा आहे."

"म्हणूनच म्हणतो. आण इकडे." त्यांनी ठशाच्या आतून बोट फिरवलं. "इथे ओढला गेलाय. घट्ट व्हायच्या आत तोंडातून काढला. घाई. अशा ठशावर कोणीही केली तरी टोचणार. त्यांना फोन कर, दुसरा घ्यायला सांग."

"आपण कधी असं सांगत नाही."

"मी सांगतो की. पहिल्यापासून सांगतो. तू जेवायला गेलीस की फोन करायचो."

एवढी वर्षं मला वाटत होतं की या घरातून गेलेलं जे काही परत येतं ते आमच्यामुळेच येतं.

"तू शिकत होतीस," बाबा म्हणाले. "म्हटलं आधी स्वतःचं काम बघायची सवय लागू दे. मग दुसरं कळेलच. ते सांगायचं राहून गेलं बहुतेक."

आई जवळच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "लाल पेन्सिल कोणाची होती, ते नको काढूस आता," आणि पुढे बराच वेळ नुसती देठं मोडत राहिली.

आत्या डबा बांधताबांधता म्हणाली, "चला. पिरगाळणारा हात दुसऱ्याचाही असतो, हे घरात एकाला तरी कळलं."

डॉक्टरांना फोन मीच केला. ते म्हणाले, "हो का? बरं, उद्या पेशंटला बोलावतो." बस, एवढंच.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं. बाबांच्या डोळ्यावर पट्टी, माझ्या हातावर पट्टी. आत्या म्हणते दोघांचा मिळून एक माणूस होतो. नर्सताईंनी सांगितलेले व्यायाम करतेय. सुरी थोडा वेळ धरता येते, मग थांबायचं, मग परत. पेजेवरच्या बाईंचे पुढचे चार दात झाले.

३१ ऑक्टोबर, शनिवार

लिहून टाकते, नाहीतर उद्यापर्यंत मला ते वेगळंच आठवायला लागेल.

नवी आली होती. मनगटाला रंगीत रुमाल बांधून, म्हणजे पट्टी वाटू नये. मी तिला आल्या आल्या पट्ट्यांचं सांगणार होते. पण मग ती वाकली असती आणि पुढच्या महिन्यात आणखी कुणी नवीन आली असती. काय करावं ते सुचेना. नुसती शेजारी बसून राहिले.

कप्तान उठले. सगळ्या वाकल्या. नवी सरळ बसलेली, मी सरळ बसलेली. ते आमच्या दोघींच्या मध्ये थांबले आणि मला म्हणाले, "चल. पाहू सुधारलंय का."

मी उठून उभी राहिले. बसून बोलणं मला उद्धट वाटलं. म्हटलं, "नाही. मी तुमच्याबरोबर नाचणार नाही."

"का?"

"तुम्ही वरून अंगठा दाबून धरता आणि हात डोक्यावर ओढता. माझं मनगट त्यात दुखावलं. हिचंही. माझ्या चुका मी तपासल्या, त्या आहेत, पण ही त्यातली नाही."

मी हळूच बोलले होते. पण नेमकं गाणं संपलं होतं, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. ते माझ्या मनात नव्हतं.

कप्तान हसले. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "इतकी वर्षं नाचतोय, एकीनेही असं म्हटलं नाही. विचार यांना."

मी रांगेकडे पाहिलं. सगळ्या अजून पट्टे बांधत होत्या. पट्टा बांधायला एवढा वेळ लागत नाही. भोकं मीच पाडली आहेत, मला माहीत आहे.

त्यांनी नवीकडे हात केला. "तू तरी चल गं."

तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, त्या सगळ्या वाकलेल्या पाठी पाहिल्या, आणि तिला काय ते कळलं असावं, कारण तिने खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला पट्टाच नाही." आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

रांगेत कोणीतरी हसलं. नर्सताई. त्या सरळ झाल्या, एक पट्टा सुटलेलाच होता, तशाच उभ्या राहिल्या. बाकी कोणी उठलं नाही.

"बाई," कप्तान यंत्राकडे वळून म्हणाले, "हे काय शिकवताय तुम्ही यांना?"

बाई उत्तर देतील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं त्या पुढचं गाणं लावतील. त्यांनी आपला उजवा हात बाजूने वर उचलायला सुरुवात केली, सावकाश, आपण मुलांना व्यायाम दाखवतो तसा. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी आणखी नेऊन पाहिला. हात गेला नाही.

"हा एवढाच जातो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे."

मी अडीच आठवडे आरशासमोर तेच वळण गिरवत होते, हात छातीपर्यंत, त्याच्या वर नाही. सगळा हॉल तेच गिरवतोय. मला वाटलं होतं ती ढब आहे.

कप्तान जाऊन खुर्चीवर बसले आणि रुमालाने बुटावरची नसलेली धूळ पुसायला लागले. रुमाल एका जागीच फिरत होता.

बाईंनी गाणं लावलं. लिफ्टवाला माझ्यासमोर आला, हात पुढे न करता म्हणाला, "आज नाही म्हटलंत तरी चालेल." मी म्हटलं, "नाही, आज नको." "बरं," म्हणाला आणि खरंच गेला. आणि नवीला जाऊन विचारलं. तिने बराच विचार केला आणि हो म्हणाली. त्याने तिच्या पायावर पाय दिला.

१ नोव्हेंबर, रविवार

बाईंचा फोन आला नाही. मंगळवारी जायचं की नाही कळत नाही. कप्तान येणं सोडतील आणि त्यांच्याबरोबर आणखी कोणी सोडतील, वर्ग बंद पडेल, आणि नवी कुठेच जाणार नाही. किंवा कप्तान पुढच्या शनिवारी येतील, आणि सगळ्या पुन्हा वाकतील. रात्रभर एवढंच आलटून पालटून.

सकाळी टेबलाशी बसले. वरच्या पंगतीतली शेवटची दाढ राहिली होती. थांबत थांबत कोरली. बाबांनी पट्टी नसलेला डोळाही मिटून घेतला आणि बोट फिरवलं, पुढून मागे, मागून पुढे.

"बसली," म्हणाले. एवढंच म्हणतात ते, नेहमी.

उद्या आत्या ती डॉक्टरांकडे नेऊन देईल. नंतर त्या बाई पेज सोडून काय खातील कुणास ठाऊक.

आजची चूक: शोधली. कालचीही पुन्हा शोधली, अगदी पहिल्यापासून. सापडली नाही. मंगळवारी जाऊन आल्यावर एकदा परत बघते.